पेटीवरचे हात

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवणारी बाई अकरा वर्षं प्रभुभोजनाला पुढे आली नाही, आणि आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी. एकेक बाक उठतो, माणसं कठड्याशी गुडघे टेकतात, भाकर आणि प्याला घेऊन परत येतात. तेवढा वेळ गाणं चालू असतं, म्हणजे पेटी चालू असते. सगळ्यांचं झालं की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तिच्याकडे वळून बघायचे. ती मान हलवायची. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. "हात अडकलेत," असं ओठांनीच सांगायची. पाळकांना वाटायचं, उपासना संपल्यावर घेत असेल. त्या अकरा वर्षांत तीन पाळक बदलून गेले. मी तिच्यापासून दोन बाक मागे बसते. मलाही दिसलं नाही.

हे प्रकरण तिच्या एका गर्भपाताचं आहे, आणि मी ते तिच्या परवानगीने लिहिते आहे. मजकूर तिने आणि तिच्या नवऱ्याने वाचला, दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी स्वतः मिशनच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर महिला मंडळाचं काम अंगावर घेतलं. गर्भपाताच्या पेशंट मी वॉर्डात पुष्कळ पाहिल्या. मंडळीत त्यांतली एकही कधी भेटली नाही, आणि याचा अर्थ काय हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

मंडळी कशी आहे

नगर जिल्ह्यातली जुनी मंडळी. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, आमच्या मंडळीची मुळं त्या कामात आहेत. १९७० पासून आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये. आज एकशे चाळीस कुटुंबं. त्यांतली निम्मी एकमेकांची सोयरी, उरलेली एकाच बोर्डिंगात वाढलेली. कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते शेजारच्या बाकाला माहीत असतं. यातली माया खरी आहे. कोविडात याच मंडळीने पस्तीस घरांना दोन महिने डबे पोचवले. पण जिथे सगळे सगळ्यांचे असतात तिथे सांगण्यासारखी गोष्ट सांगायला परका माणूस उरत नाही.

आणि आमच्याकडे एक रीत आहे, ती बाहेरच्यांना कळायची नाही. एखादीची चहाडी करायची तर आम्ही तिला चहाडी म्हणत नाही. "तुला म्हणून प्रार्थनेसाठी सांगते हं," असं म्हणतो. मीही म्हटलं आहे. आपण वाईट वागतो आहोत असं त्या वेळी अजिबात वाटत नाही, उलट आपण फार काळजीवाहू आहोत असंच वाटतं.

काय घडलं होतं

२०१२ साली ती तीस वर्षांची होती. पदरी दोन मुली, धाकटी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. नवरा एमआयडीसीत कंत्राटावर होता, त्या मार्चमध्ये कंत्राट संपलं. अंगावर पाजत असल्याने पाळी आधीच अनियमित, त्यामुळे दिवस गेलेत हे कळायलाच वेळ लागला. सासूबाई म्हणाल्या, "आहेत त्यांच्या तोंडात घालायला नाही, तिसरं कुठे ठेवणार?" नवरा काही बोलला नाही. ती मला नंतर म्हणाली, "ते नको म्हणाले असते तर मी भांडले असते. ठेव म्हणाले असते तर ठेवलं असतं. ते फक्त टीव्ही बघत बसले."

डॉक्टर रीतसर नोंदणी असलेले होते, कागद रीतसर भरले गेले, सही तिचीच. कायद्याने काहीही चुकीचं झालं नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा विवाहितेला गर्भनिरोधक फसल्यावर ही मुभा देत होताच. सातवा आठवडा होता. पहिली गोळी दवाखान्यात, पुढच्या घरी. नवरा तात्पुरत्या कामावर रात्रपाळीला गेला होता. मुली झोपलेल्या. न्हाणीघरात तिने नळ सोडून ठेवला, सासूबाईंना आवाज जाऊ नये म्हणून. पहाटे फरशी घासली, सहाला दूध तापवलं.

तो मे महिना होता. दोनच दिवसांनी रविवार, आणि तो मातृदिनाचा रविवार. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या आयांना उभं करतात, संडे स्कूलची मुलं गुलाब देतात, आणि सूत्रसंचालन करणारी विचारते, "ज्यांना दोन लेकरं त्यांनी हात वर करा, ज्यांना तीन त्यांनी…" ती पेटीवर होती म्हणून उभी राहिली नाही. कुणीतरी गुलाब पेटीवर आणून ठेवला.

डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली काढली होती. म्हणजे ऐन नाताळात. तेव्हापासून दर डिसेंबरात तिने संडे स्कूलच्या मुलांना नाताळची गाणी बसवून दिली आहेत, आणि दर डिसेंबरात तिची झोप गेली आहे.

प्रभुभोजन तिने का सोडलं? कुणी सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी तिच्या डोक्यात बसल्या होत्या. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं वचन, जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो दोषी ठरेल. ते आमच्याकडे दर प्रभुभोजनाच्या आधी वाचलं जातं. आणि दुसरं, वसईला कॅथलिक घरात दिलेली तिची मावसबहीण एकदा सहज म्हणाली होती, "आमच्यात असं केलं की माणूस आपोआप मंडळीबाहेर." बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं, ती वर्तमानपत्रातल्या एका बातमीवर बोलत होती. हिने ते स्वतःला लावून घेतलं, आणि अकरा वर्षं ती स्वतःच्या हाताने मंडळीबाहेर बसली. मंडळीच्या ऐन मध्यावर, पेटीपाशी.

फुटलं कसं

२०२३ च्या मे महिन्यात एक पाहुणे वक्ते आले. गर्भातल्या जिवाबद्दल एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रावरून बोलले. स्तोत्र सुंदर आहे, आईच्या उदरात देवाने मला विणलं असं ते म्हणतं. पण वक्त्यांनी त्यावरून थेट "खुनी आया" गाठल्या, आणि "इथे बसलेल्यांपैकी कुणी असेल तर आज पुढे या" असं आवाहन केलं. कोण पुढे येणार होतं? पहिल्या बाकावर सासूबाई होत्या.

त्या आठवड्यात तिने महिला मंडळातल्या एका ज्येष्ठ बहिणीला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती बाई वाईट नाही. माझी मैत्रीण आहे. तिने हिला मिठीत घेतलं, हिच्यासोबत रडली, आणि रात्री साडेनऊला महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं: "एका बहिणीसाठी प्रार्थना करा. पूर्वी गर्भपात केल्याने तिला शांती नाही. ती आपल्या संगीतसेवेत आहे."

नाव नव्हतं. पण संगीतसेवेत बाई एकच. बाकी तबल्यावर एक मुलगा आणि गिटारवर दोन. गटात बासष्ट नंबर होते. अकरा जणींनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. सकाळी मेसेज पुसला, तोवर पुण्यापर्यंत पोचला होता, आणि पोचताना त्याला शेपूट फुटलं होतं: "मुलगी होती म्हणून पाडलं." हे मी परिचारिका म्हणून सांगते, सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही, आणि पुढे दिसलं तरी ते सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण अफवेला आठवडे मोजता येत नाहीत.

पुढच्या रविवारी पेटी बंद होती. त्याच्या पुढच्याही.

इथे मला कायद्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यात एक नवं कलम आलं, ५ अ. ज्या स्त्रीचा गर्भपात झाला तिचं नाव किंवा तपशील डॉक्टरने कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला सांगितला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दवाखान्याच्या भिंतीआड जे गुपित सरकार कैदेच्या धाकाने राखतं, ते आमच्याकडे एका रात्रीत बासष्ट फोनांवर गेलं, आणि तेही प्रार्थनेच्या नावाने.

आणि ही आजची अक्कल नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा अडलेल्या विधवांना त्यांनी सगळ्यात आधी हमी दिली ती गुप्ततेची. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. उपदेश नंतर, मुळात बाई दारापर्यंत यायला हवी, हे त्या दोघांना नीट कळलं होतं. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती ही निराधार बायकांची संस्था उभी केली त्यात समाजाने 'पतित' म्हणून लोटलेल्या बायकांसाठी वेगळं घर होतं. त्याचं नाव कृपासदन. आम्ही केडगावला सहली नेतो, रमाबाईंच्या कबरीपाशी फोटो काढतो. ते नाव वाचून पुढे जातो.

पहिल्या भेटी

तिसऱ्या आठवड्यात पाळकांनी मला बोलावलं. तरुण आहेत, आदल्या वर्षीच बदलून आलेले. ते म्हणाले, "सिस्टर, मी गेलो तर सगळी आळी म्हणेल पाळक समज द्यायला आले. तुम्ही जाल का? काही बोलू नका, नुसत्या जा." पुढे जे काही बरं झालं त्याची सुरुवात मी या 'नुसत्या जा'मध्ये धरते.

मी गेले. दुपारी तीनला, सासूबाई झोपलेल्या असतात तेव्हा. ती लसूण सोलत होती. मी समोर बसून सोलायला लागले. पाऊण तास आम्ही दोघींनी लसूण सोलला. ती आठवड्याचा सोलून डब्यात भरते, त्या दिवशी महिन्याचा झाला. निघताना म्हटलं, "पुढच्या मंगळवारी येते." ती म्हणाली, "तुम्हाला सगळं माहीतच असेल." मी म्हटलं, "लोक काय बोलतात ते माहीत आहे. तुझं मला काही माहीत नाही."

तिसऱ्या मंगळवारी ती बोलली. वर लिहिलं आहे ते सगळं तेव्हाचं. मी मधे दोनच प्रश्न विचारले. झोप किती लागते, आणि मरून जावंसं वाटतं का. दुसरा प्रश्न विचारायला माणसं घाबरतात, विचारल्याने मनात भरेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. विचारणारं कुणीतरी भेटलं याने उलट हायसं वाटतं. ती म्हणाली, "डिसेंबरात वाटतं." मग हे काम एकट्या मंडळीचं उरलं नव्हतं. मी तिला सांगितलं की हे मी तुझ्या नवऱ्याला आणि डॉक्टरला सांगणार आहे, बाकी कुणाला नाही, आणि तुला विचारल्याशिवाय नाही. तिने दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली. नगरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे ती सहा महिने गेली, गोळ्या घेतल्या. रात्री-अपरात्री लागला तर म्हणून सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला. प्रार्थनेने भागेल, गोळ्या कशाला, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. मधुमेहाला इन्सुलिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही असं म्हणत नाही.

एक मात्र मी स्वतःला सारखं बजावत होते. हिचं दुःख हिचं आहे, ते मी वाढवायचं नाही. गर्भपात केलेली प्रत्येक बाई आयुष्यभर कुढते असं व्यासपीठावरून सांगतात, ते खरं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००८ साली उपलब्ध अभ्यास तपासले. निष्कर्ष असा, की न ठरवता राहिलेल्या गरोदरपणात पहिल्या तिमाहीत एकदा केलेल्या कायदेशीर गर्भपाताने मानसिक आजाराचा धोका बाळंतपणापेक्षा वाढतो असं दिसत नाही. पुष्कळ जणींना सुटकाच वाटते. पण काहींना दुःख होतं, हेही तिथेच म्हटलं आहे, आणि लपवावं लागणं, माणसांचा आधार नसणं, लोक नावं ठेवतील ही भीती, यांनी ते वाढतं. म्हणजे मंडळीच्या हातात जे आहे नेमकं तेच. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती संस्थेने २०१५ मध्ये गर्भपात केलेल्या बायकांची पाहणी करवून घेतली होती. गर्भपाताच्या वेळी एक तृतीयांशाहून जास्त जणी महिन्यातून एकदा तरी चर्चला जात होत्या. मंडळीतल्या कुणाशी त्या निर्णयाबद्दल बोललेल्या होत्या शंभरात सात. आमच्या एकशे चाळीस कुटुंबांत ही एकटीच असेल असं ज्याला वाटतं त्याने हा आकडा पुन्हा वाचावा.

म्हणून मी तिला "तू बाळाला नाव दे", "त्याला पत्र लिही" असलं काही सुचवलं नाही. कुणाला त्याने बरं वाटत असेलही. ती मला एकदाच म्हणाली, "ते बाळ होतं की नुसती पाळी चुकली होती, हे मला अजून ठरवता येत नाही." मी म्हटलं, "आज ठरवलंच पाहिजे असं नाही."

वचन आणि नियम

पाळक तिला चौथ्या महिन्यात भेटले, माझ्या घरी, नवऱ्यासमोर. त्यांनी करिंथकरांस पत्र उघडलं आणि वचनाच्या आधीच्या ओळी वाचायला लावल्या. तिथे भांडण वेगळंच आहे. करिंथच्या मंडळीत पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पत्र लिहिणारा पौल त्यांना झापतो आहे. 'अयोग्य प्रकारे' म्हणजे ही रीत, माणसं हिशेबात न धरता जेवण्याची. "ताई, हे वचन तुम्हाला टेबलापासून दूर ठेवायला लिहिलेलं नाही," पाळक म्हणाले. "टेबलाशी बसून शेजारच्याला उपाशी ठेवणाऱ्यांना लिहिलं आहे. तो मेसेज वाचून हात जोडणाऱ्यांना ते जास्त लागू पडतं."

वसईच्या बहिणीचं बोलणंही त्यांनी उलगडून सांगितलं. कॅथलिक मंडळीच्या कायद्यात ती शिक्षा आहे हे खरं. पण अठरा वर्षांखालच्या, भयाने किंवा दडपणाखाली वागलेल्या, अशी शिक्षा आहे हे माहीतच नसलेल्या व्यक्तीला ती आपोआप लागत नाही. आणि पापनिवेदनात त्यातून मोकळं करण्याचा अधिकार पूर्वी बिशपांकडे आणि ते नेमतील त्या धर्मगुरूंकडे असे, तो पोप फ्रान्सिस यांनी करुणावर्षात सर्व धर्मगुरूंना दिला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये कायम केला. गर्भपाताविषयीची शिकवण त्यांनी तसूभर बदलली नाही, फक्त परतीची वाट जवळ आणली. आमच्यात तर ती शिक्षाच नाही. दर रविवारी आम्ही सगळे मिळून पापकबुली म्हणतो आणि पाळक क्षमेची घोषणा करतात. ती घोषणा तिने अकरा वर्षं पेटीवरून ऐकली होती. घोषणेच्या मागून येणाऱ्या गाण्याचा सूर आधीच धरून ठेवायचा असे, त्यामुळे शब्दांकडे लक्ष नसायचं, ती म्हणाली.

तिने विचारलं, "मी पाप केलं का?" पाळकांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही, त्याबद्दल मी त्यांना मानते. ते म्हणाले, गर्भातला जीव देवाचा आहे असं मी मानतो, त्यामुळे काहीच झालं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण त्या रात्री न्हाणीघरात तुम्ही एकट्या होतात आणि ते तुमच्या एकटीचं नव्हतं, हेही तितकंच मानतो. जे तुमच्या वाट्याचं आहे ते देवापुढे ठेवा, तेवढंच. दुसऱ्यांच्या वाट्याचं उचलू नका. आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बघावं लागलंच नाही. तो गडी आमच्याकडे अर्पण मोजायला बसतो. उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार म्हणून दिलेल्या पैशांचे, लखोटे तोच फोडतो, नाव आणि कारण वाचायला देतो: मुलगा पास झाला, ऑपरेशन नीट झालं, वगैरे. दर डिसेंबरात एक लखोटा यायचा, एकशे एक रुपये, नाव नाही, कारण नाही. "एका बंधूकडून," असं वाचलं जायचं. मी कितीदा ऐकलं असेल. त्या दिवशी त्याने सांगितलं, तो माझा. ती त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं एका छपराखाली दोघांनी तीच तारीख पाळली होती आणि एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता.

पुरुषांचं काय करायचं हा विचार आमच्याकडे झालेलाच नाही. महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे. पुरुषाने दुःख घेऊन जायची जागा म्हणजे अर्पण मोजायची खोली, दार लावून. पाळक आता दर पंधरा दिवसांनी त्याच्यासोबत संध्याकाळी चालायला जातात.

कमिटीत

ऑगस्टच्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, पाळकांनी तिचं नाव किंवा प्रकरण न काढता चार गोष्टी मांडल्या. प्रार्थनाविषय ज्याचा आहे त्याच्या तोंडी संमतीशिवाय गटावर जाणार नाही, नाव नसलं तरीही. पाहुण्या वक्त्यांशी आधी बोलून घ्यायचं आणि कुणाला पुढे बोलावणारी आवाहनं करायची नाहीत. मातृदिनाला कुणाला उभं करायचं नाही, मोजणी नाही. आणि मंडळीतल्या दोन बायका आणि एक पुरुष असे ठरवायचे, ज्यांच्यापाशी सांगितलेलं पाळकांपर्यंतही विचारल्याशिवाय जाणार नाही. जीव धोक्यात असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल एवढाच अपवाद.

वाद झाला. मंडळीतले एक ज्येष्ठ काका, पंचाहत्तरीचे, सरळ माणूस, म्हणाले, "पाळकसाहेब, हे पापाला पाठीशी घालणं होतंय. उद्या पोरी म्हणतील, काही करा, मंडळी चहा पाजते." मला त्यांचं म्हणणं टाकाऊ वाटत नाही. जिवाची किंमत मंडळीने सांगितलीच पाहिजे. पण कुणाला आणि केव्हा? नोकरी गेलेल्या घरात तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सांगायला हवी होती, तीही धान्याची गोणी आणि दवाखान्याचा खर्च घेऊन. २०१२ च्या मार्चमध्ये त्या घरी मंडळीतलं कुणी गेलं होतं का? मी वह्या काढून पाहिल्या. नाही. कंत्राट गेल्याची नोंद आहे, 'प्रार्थना केली' एवढीच. मी हे बोलले तेव्हा काका गप्प झाले. त्यांचं मत बदललं नाही. पण पाचवी गोष्ट त्यांनीच सुचवली: गरोदर बाईच्या घरी अडचण असेल तर दीनांच्या निधीतून वर्षभर मदत, कमिटीपुढे नाव न येता. त्यातून आजवर दोन बाळंतपणं झाली आहेत.

आणि आमची ती मैत्रीण, मेसेज टाकणारी. तिला माफी मागायची होती, घरी जाऊन, पाया पडून. आम्ही विचारलं, हिने नको म्हटलं. मैत्रिणीला फार लागलं. "मी माफी मागतेय तर तिने द्यायला नको का, ख्रिस्ती म्हणून?" मी तिला सांगितलं, तुझ्या मनाला शांती देण्याचं कामही आता तिनेच करायचं का? त्या दोघी आजही एकमेकींशी बोलत नाहीत. पेटी वाजवणारी महिला मंडळात परत आली नाही. मी आग्रह केला नाही आणि करणार नाही.

अठ्ठावीस डिसेंबर

येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने बेथलेहेमातली बाळं मारली त्यांची आठवण मंडळीच्या पंचांगात २८ डिसेंबरला असते. आमच्याकडे नाताळाच्या धामधुमीत ती कधी पाळली जात नाही. पाळकांनी २०२३ साली त्या संध्याकाळी साधी प्रार्थना ठेवली, "न राहिलेल्या लेकरांसाठी." पोटातच गेलेलं, जन्मून गेलेलं, पाडावं लागलेलं, पाडलेलं, कुठलं ते विचारायचं नाही. उपदेश नाही. पेटीही नाही. पुढे एक परात, तिच्यात वाळू, शेजारी मेणबत्त्या.

आम्हाला वाटलं पाच-सहा जण येतील. एकोणीस आले. त्यांत ब्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. १९६८ साली त्यांचं मूल मेलेलं जन्मलं, नवऱ्याने शेताच्या बांधाला पुरलं, त्यावर घरात पुन्हा शब्द निघाला नाही. पुरुष चार होते. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. ते सगळ्या स्तोत्रांत वेगळं आहे, शेवटी आभार नाहीत, स्तुती नाही, अंधार या शब्दावर संपतं. पाळकांनी वाचून पुस्तक मिटलं आणि त्याला काही जोडलं नाही. आमच्यासारख्या मंडळीत ते फार अवघड असतं. प्रत्येक गोष्टीला शेवटी हालेलुया लावायची आम्हाला सवय.

ती आली होती. नवऱ्यासोबत मागच्या बाकावर बसली. मेणबत्ती लावली नाही. तो उठला, त्याने लावली. परतताना त्याने दोन बोटांवर पडलेलं मेण सोलून खिशात टाकलं.

पेटी तिने फेब्रुवारीत पुन्हा धरली, स्वतःहून. पाळकांनी तोवर एक बदल केला होता, सगळ्यांसाठी म्हणून जाहीर केलेला: प्रभुभोजनाच्या वेळी वाद्य बंद, नुसतं गायचं. मार्चच्या पहिल्या रविवारी पहिला बाक उठला तसा तिने भाता लावला, पट्ट्यांवर कापड ओढलं आणि हात मांडीवर ठेवले. पेटीशिवाय आमचं गाणं पहिल्या कडव्यातच अर्धा सूर उतरलं, दुसऱ्यात आणखी. शेवटच्या बाकानंतर ती उठली. कठड्याशी गेली तेव्हा तिला कुठे टेकायचं ते क्षणभर कळेना, इतकी वर्षं गेली होती. काका बाजूला सरकले, आणि तिने त्यांच्याशेजारी गुडघे टेकून दोन्ही तळवे पुढे केले.